गिरिजाची मर्यादा

शकूआत्या एखाद्या मुलीचं जरा जास्तच कौतुक करायला लागली की मी सावध होतो. तिनं अर्ध्या इचलकरंजीची लग्नं जमवलीत. कुणाबद्दल किती बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं, हे तिला बरोबर कळतं.

"पोरगी सोनं आहे बघ निनाद. गिरिजा म्हेत्रे. जयसिंगपूरची. मिरजेला रक्ताच्या लॅबमध्ये कामाला. स्वभावानं शांत."

"सत्तावीस वय आहे. मग अजून लग्न का नाही झालं?"

"तू एकोणतीसचा घोडा झालास. तुझं का नाही झालं?"

आई हसली. मी बायोडाटा खालपर्यंत वाचला. उंची, शिक्षण, पगार, कर क्रमांक. हल्ली सगळे शेवटी एक ओळ लिहितात, "मर्यादा समाधानकारक". ती ओळ नव्हती.

"ती ओळ कुठाय?"

"राहिली असेल लिहायची," आत्या म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. चष्मा स्वच्छ होता.

मर्यादेचं हे काय प्रकरण, ते आधी सांगतो. लोकांचे कर भरून देणं हाच माझा धंदा आहे. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, बाकी सगळं व्हिडिओ बघून शिकलो. त्यामुळं शब्द पुस्तकी नसतील, पण समजेल.

पूर्वी सोपं होतं. म्हातारपणासाठी पेन्शन खात्यात पैसे टाकले की तेवढ्या पैशावर कर नाही. पण एका मर्यादेपर्यंतच. मर्यादा नसती तर मोठ्या लोकांनी सगळी कमाई पेन्शनच्या नावाखाली तिथंच लपवली असती. आणि ही मर्यादा सगळ्यांना एकाच नियमानं. साठीत जाणारा असो की शंभरी गाठणारा, माप तेच.

मग पेशीघड्याळ आलं. आपल्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, हे त्यांच्यावर ठरतं. वय वाढतं तशी ह्या खुणांची नक्षी बदलत जाते. पण सगळ्यांची एकाच वेगानं नाही. कुणाचं शरीर चाळिशीतच साठीचं झालेलं असतं, कुणाचं उलटं. लाखो लोकांचं रक्त वर्षानुवर्षं तपासून यंत्राला ही नक्षी वाचायला शिकवली. एक दिवस ते चार थेंबांवरून सांगायला लागलं की हा माणूस साधारण किती जगेल. अपघात सोडून. चूक झाली तर दोनचार वर्षांची.

मग नवीन कायदा झाला. पैसे म्हातारपणासाठी आहेत ना? मग ज्याचं म्हातारपण लांब त्याला करसवलत जास्त, ज्याचं आखूड त्याला कमी. हिशेब म्हणून चूक काढता येत नाही. फक्त एक पथ्य पाळलं. वर्षांचा आकडा कुणालाच सांगायचा नाही. डॉक्टरला नाही, मालकाला नाही, तुम्हालाही नाही. तुम्हाला कळणार फक्त मर्यादा. आणि तिच्यावरून कुणी उलटा हिशेब करू नये म्हणून तिच्यात मुद्दाम थोडी भेसळ. कधी जरा जास्त दाखवायची, कधी जरा कमी.

भेसळीला एक भोक राहिलं. पगारातून जास्त कपात होऊ नये म्हणून कंपन्यांसाठी पोर्टलवर एक खिडकी होती. कर क्रमांक टाका, पगार टाका, अंदाजे मर्यादा बघा. दर वेळी भेसळ नवी. आता डळमळणाऱ्या काट्यावर एकदा वजन केलं तर भरवसा नाही. पण तीच पिशवी शेकडो वेळा ठेवली आणि सरासरी काढली, तर वरखाली होणारं एकमेकांना खाऊन टाकतं आणि खरं वजन उरतं. मी तेच केलं. माझा प्रोग्रॅम त्या खिडकीला शेकडो वेळा विचारायचा, सरासरी काढायचा आणि कायद्यात छापलेल्या सूत्रात उलट्या बाजूनं घालायचा. बाहेर वर्षं यायची.

मजा म्हणून केलं होतं. आत्यानं बघितलं. "हे माझ्या फोनवर दे की," म्हणाली. दिलं. तिथून ते तिच्या स्थळांच्या ग्रुपवर गेलं, आणि वर्षभरात सांगली, सोलापूर, पार बेळगावपर्यंत. नकार द्यायची रीतसुद्धा ठरून गेली. "तुमची मुलगी लवकर जाणार" असं तोंडावर कोण म्हणेल? "पत्रिका जुळत नाही" एवढंच कळवायचं. ऐकणाऱ्याला समजायचं.

स्वतःची मी कधी बघितली नव्हती. माझे बाबा बेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेले. स्वतःचा कर भरताना मी स्क्रीनवर मर्यादेच्या चौकटीला चिठ्ठी चिकटवतो. हसायचं तर हसा.

जयसिंगपूरच्या स्टँडजवळ आइस्क्रीमच्या दुकानात भेटलो. नस शोधताना हात बघतात तसं गिरिजानं माझ्याकडं बघितलं.

"तुम्हीच ना ते ॲपवाले?"

"कर भरून देतो मी."

"तेच ते. आमच्याकडं पेशीघड्याळाचं रक्त मी काढते. सुई टोचायच्या आधी लोक विचारतात, मॅडम, किती येईल? जसं काय मी बसचं तिकीट फाडतेय."

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगते, मूठ आवळा."

मी हसलो. ती हसली नाही, पण माझ्या वाटीतला पिस्ता न विचारता चमच्यानं उचलून खाल्ला. मला ती तिथंच आवडली. खरं सांगायचं तर पिस्त्याच्या आधीच.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "तीन ठिकाणी माझी पत्रिका जुळली नाही."

आणि माझ्याकडं बघत शांतपणे खात राहिली.

असं कुणी स्वतःहून सांगतं का? परत येताना गाडीवर हेच डोक्यात. प्रामाणिक म्हणून सांगितलं, की मी काय करतो ते बघायला? बघायचं नाही असं मी हातकणंगल्यापर्यंत ठरवलं होतं. ऑफिसात पोचल्यावर बघितलं.

त्रेपन्न.

पुन्हा चालवलं. त्रेपन्न. अजून एकदा. यंत्राला काय, ते तेच सांगणार.

माझ्या मनात आधी दया आली असं लिहिलं तर बरं दिसेल. तशी आली नाही. आधी मनात आलं की आत्यानं मला फसवलं. नंतर वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटताच मी मोजत होतो की तेव्हा मी पंचावन्नचा असेन, मुलं केवढी असतील. पुढचे काही दिवस ती फोनवर खोकली तरी मी कान टवकारायचो. "दमलीयस का?" विचारायचो. "लॅबमध्ये बावीस जणांना टोचलं तर कोण दमणार नाही?" ती म्हणायची. आवाजात संशय. तिच्या की माझ्या, आता सांगता येत नाही.

शेवटी आत्या आमच्या घरी आली तेव्हा तिला गाठलं.

"तुला माहीत होतं ना?"

"काय?"

"त्रेपन्न."

आत्यानं स्वयंपाकघराकडं बघितलं, आई आत होती. आवाज खाली आणला. "बघितलं असेल. तुझ्या भल्याचाच विचार केला मी."

"ह्यात माझं भलं कुठं आलं?"

"जिची स्वतःची कमी आहे, ती दुसऱ्याची काढत बसणार नाही."

मला कळायला क्षणभर लागला.

"म्हणजे काय? तू माझी बघितलीस?"

"मी कशाला बघू? भाऊ गेला माझा, म्हणून आपलं बोलले." आणि पुन्हा चष्मा.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं की फक्त त्रेपन्न, कोण जाणे. संध्याकाळी सांगितलं, "मी म्हेत्रेबाईंना कळवलं. पत्रिका जुळत नाही म्हणून."

"आई! अगं त्यांना समजेल ना त्याचा अर्थ."

"समजू दे. मी एकटीनं काढलीत वर्षं. रिकाम्या खोलीत दिवा लावायला कसं वाटतं ते तुला नाही माहीत. तुझ्यावर ती पाळी येऊ देणार नाही मी."

भांडायला हवं होतं. पण आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं, आणि ते आईला दिसलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरिजा ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे सुताच्या गोदामावरची खोली. शेजारी नवे माग, बिनमाणसाचे, तरी खटखट असतेच. तिनं हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"पत्रिका जुळत नाही म्हणे."

"मी नाही कळवलं."

"पण बघितलं तुम्हीच."

"हो."

"किती?"

खोटं बोलता आलं असतं. सत्तर हा शब्द ओठांवर आला होता. पण तिचे डोळे माझ्या हातांवर होते.

"त्रेपन्न," मी म्हणालो. "यंत्र चुकतं. दोनचार वर्षं इकडंतिकडं."

"म्हणजे जास्तीत जास्त सत्तावन्न."

"हो."

"वा. धीर आला." ती खुर्चीत बसली. "पहिल्या तिघांपैकी एकानंही आकडा सांगितला नाही. एक तर म्हणाला, मंगळ आहे. माझा की त्याचा, तेही त्याला माहीत नव्हतं. पोर्टलची ती खिडकी उघडा. माझा पगार दुप्पट लिहा."

"कशाला?"

"लिहा हो."

लिहिला. मर्यादा तीच.

"आता दसपट."

तीच. थोडी भेसळ वरखाली, बाकी ढिम्म. मर्यादा पगाराबरोबर वाढायलाच हवी. सूत्रात पहिलाच तो गुणाकार आहे.

"मुदतीआधी पैसे काढण्याचं कलम वाचलंय?" तिनं विचारलं. "व्हिडिओत सांगत नसतील."

वाचलं नव्हतं. तिनं फोनवर काढून पुढं धरलं. साधं कलम. काही लोक एका हातानं पेन्शन खात्यातून पैसे काढायचे, दुसऱ्या हातानं तेच परत भरायचे आणि त्याच पैशावर पुन्हा सवलत घ्यायचे. ते थांबवायला नियम केला की एकदा मुदतीआधी पैसे काढले, मग थोडे का असेनात, की मर्यादा तळाला जाते. सगळ्यांची एकाच तळाला. पगार कितीही असो, आयुष्य कितीही असो. कायमची.

म्हणजे माझ्या सूत्रात त्या तळाच्या आकड्याचं "आयुष्य" होत होतं. गिरिजाच्या वयाला आणि पगाराला ते त्रेपन्न निघालं. आयुष्याशी त्याचा काही संबंधच नव्हता.

"मी दोन वर्षांपूर्वी काढले," ती म्हणाली. "पंखा घेतला. चांगला चालतो."

"मुद्दाम?"

"रक्त मी काढते. लोक ह्या आकड्याचं काय करणार ते मला तुमच्या आधी कळलं. सवलत गेली, कर जास्त जातो. जाऊ दे. माझं किती आहे ते आता कुणालाच काढता येत नाही. मलाही नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आईबापाच्या ऑपरेशनसाठी पैसे काढणारे असतात. घराच्या हप्त्यासाठी, धंदा बुडाला म्हणून काढणारे असतात. त्या सगळ्यांना माझ्या ॲपनं काय काय सांगितलं असेल. कुणाकुणाच्या घरी दार लावून ते वाचलं गेलं असेल. कुणी काय निर्णय घेतले असतील.

"ते ॲप बंद करा," गिरिजा म्हणाली. मी तिच्यासमोरच केलं. (चारच दिवसांत कुणीतरी तसंच दुसरं काढलं, पण ते नंतर.)

मग मला सुचलं ते विचारलं. "तुम्ही मला भेटायला आलात ते लग्नासाठी, की हे ॲप कुणाचं आहे ते बघायला?"

"ॲप बघायला."

"आणि आत्ता?"

"तुमची किती आहे?"

"बघितली नाही कधी."

"सगळ्या गावाची बघता आणि स्वतःची नाही?"

मी स्क्रीनवरची चिठ्ठी दाखवली. तिनं ती नखानं जरा उचलली, परत दाबली. "ही काय, मी जिना चढताना पण चिकटवता येते."

ते खरंच होतं. बघितलं हे सिद्ध करता येतं. बघितलं नाही हे कसं सिद्ध करणार? कुणी माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काय केलं होतं?

मी पेन्शन खातं उघडलं. खातं सक्तीचं आहे म्हणून काढलेलं, त्यात किरकोळ रक्कम. "मुदतीआधी काढा" वर गेलो. पोर्टलनं लाल अक्षरात विचारलं, मर्यादा कायमची कमी होईल, मान्य आहे का? अंगठा लावला. खालून चहा मागवला. चहा येईपर्यंत पैसे जमा झाले. मग मी चिठ्ठी काढली आणि स्क्रीन तिच्याकडं फिरवली. तळाचा आकडा. तिच्यासारखाच.

"झालं," मी म्हणालो. "आता मलाही कधी कळणार नाही. तुलाही नाही." तुम्हीचं तू कधी झालं ते माझ्या लक्षात आलं नाही.

गिरिजा बराच वेळ त्या आकड्याकडं बघत होती. मला वाटलं होतं की ती हसेल. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"निनाद, मी बघितलीय."

"काय?"

"तुझी. बायोडाटा आला त्याच दिवशी. तुझ्याच ॲपवर. म्हणलं, जगाला मापणाऱ्याचं स्वतःचं माप काय आहे बघावं."

मागांची खटखट एकदम फार जवळ आल्यासारखी वाटली.

"किती?"

ती उठली. हेल्मेट घेतलं.

"गिरिजा, किती?"

"तू मला सांगितलंस तेव्हा ते खोटं निघालं. मी सांगितलं तर ते खरं असेल. नको." दारात थांबली. "बैठकीचं बघा. माझ्या घरी मी सांगते, पत्रिका पुन्हा दाखवली म्हणून."

ती गेल्यावर मी सर्व्हर उघडला. हो, उघडला. पण माझं ॲप काहीच साठवत नाही, हे मीच सगळ्यांना छाती फुगवून सांगायचो. काही नव्हतं. आत्याला फोन केला. "खरं सांग, माझी बघितली होतीस?" आत्या म्हणाली, "भाजी करपतेय रे," आणि फोन ठेवला.

आईला पैसे काढण्याचं कलम समजावून सांगितलं. तिला एवढंच कळलं की गिरिजाचं काहीच माहीत नाही. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "आमच्या वेळी तरी कुणाला माहीत होतं?" माझ्याबद्दल मी आईला काही बोललो नाही.

बैठक आमच्याकडं झाली. दोन्हीकडचे मामा समोरासमोर, मध्ये वही. मानपान, साड्या, जेवणाचा खर्च, हॉल कुणी बघायचा, सगळं रीतीप्रमाणं लिहून झालं. वादसुद्धा रीतीप्रमाणं झाला, आहेर घ्यायचा की नाही यावरून. मग तारीख.

"दिवाळी झाल्यावर करू," गिरिजाचे मामा म्हणाले. "तुळशीचं लग्न झालं की चांगले मुहूर्त आहेत. निवांत तयारी होईल."

माझ्या मामांनी मान डोलावली. आई म्हणाली, "थंडीत बरं पडतं."

"मे महिन्यात करूया," गिरिजा म्हणाली.

बैठकीत मुलगी बोलत नाही. सगळे तिच्याकडं वळले. मग तिच्या मामी हसायला लागल्या, आणि पाठोपाठ सगळ्या बायका.

"अगंबाई! एवढी घाई?"

"मे महिन्यात शालू नेसून घामानं निथळशील गं पोरी."

"निथळू दे," गिरिजा म्हणाली. ती हसत नव्हती, चिडलेलीही नव्हती. वहीकडं बघत होती.

"करूया की मेमध्ये," शकूआत्या एकदम म्हणाली. "कशाला लांबवायचं? हॉलचं मी बघते." आणि तिनं गिरिजाकडं बघितलं. गिरिजानंही तिच्याकडं बघितलं. जेमतेम नजरानजर झाली असेल. दोघी एकमेकींना त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होत्या.

मी तेवढ्यात सगळं उलटसुलट करून बघितलं. आवडतो म्हणून घाई? लॅबमधून मेमध्ये सुट्टी मिळते म्हणून? हॉल मिळतो म्हणून? माणसाला लग्नाची घाई असायला शंभर साधी कारणं असतात. शंभरही मला पटत होती, आणि एकही पुरत नव्हतं.

गिरिजाच्या मामांनी पेन उघडून धरलं. "मुलाचं काय? मे चालेल ना, जावईबापू?"

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवून मी तिच्याकडंच बघितलं. ती माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती. मी तिच्या चेहऱ्यावर तेच शोधत होतो. दोघांनाही सापडलं नाही.

"चालेल," मी म्हणालो. "लवकरात लवकरची लिहा."